खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मूल काट्यावर बसलं की आईचं लक्ष आधी आकड्याकडे जातं. आकडा मागच्याच महिन्याचा निघाला, तर ती अपराध्यासारखी सांगते, "खातो हो ताई, सगळं खातो. अंगीच लागत नाही." मग सल्ल्यांना सुरुवात होते. तूप वाढव, बदाम उगाळून दे, औषधाच्या दुकानात भुकेचं टॉनिक मिळतं ते आण. पण या मुलाला गेल्या दोन-तीन महिन्यांत जुलाब किती वेळा झाले, हे सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा. तोंडात गेलेलं अन्न आपोआप रक्तात पोचत नाही. मधे लहान आतडं असतं, आणि ते दुखावलेलं असेल तर चांगल्या घासातला बराचसा भाग वाया जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुरटलेली होती, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश होती, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. तुलनेने सुस्थितीतल्या आपल्या राज्याचे हे आकडे आहेत. ते फक्त मेळघाटातून किंवा नंदुरबारमधून आलेले नाहीत, पुण्या-मुंबईच्या वस्त्याही त्यात आहेत. घरात धान्य नाही एवढं एकच कारण देऊन ते समजत नाहीत.

तरीही आतड्याला दोष देण्याआधी ताट तपासायला हवं. "सगळं खातो" म्हणजे नेमकं काय, हे एक दिवस लिहून पाहा. सकाळी चहात बुडवलेली अर्धी चपाती, दुपारी वरणाच्या निवळीत कालवलेला चार घास भात, संध्याकाळी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणि रात्री पुन्हा भात, असा हिशेब निघाला तर आतडं बिचारं निर्दोष आहे. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली अन्न मावतं. आठ किलोच्या बाळासाठी हे एक मोठी वाटीभर झालं. ती वाटी पातळ पाण्याने भरली तर पोट फुगतं, बाळ तोंड फिरवतं आणि आपल्याला वाटतं की ते जेवलं. अन्न चमच्यावरून ओघळून न जाण्याइतकं घट्ट हवं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा जेवण हवं, शिवाय मधे एक-दोनदा खाऊ. एवढं होत असूनही वजनाची रेघ आडवी राहिली, तर मात्र आतड्याकडे वळायचं.

आतड्यात काय घडतं

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे उभे असतात आणि त्यांच्यामुळे अन्न शोषून घेणारी जागा कैक पटींनी वाढते. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बी-१२ अगदी शेवटच्या भागात. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वांना शरीरात शिरायला स्निग्ध पदार्थ आणि पित्त यांची सोबत लागते. अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. म्हणजे आतडं ही सतत दुरुस्ती चालू असलेली जागा आहे, आणि त्या दुरुस्तीलाही प्रथिनं आणि जस्त, म्हणजे झिंक, लागतं. ज्या मुलाला या गोष्टी आधीच कमी पडतात, त्याचं आतडं सावकाश भरून येतं. तेवढ्यात पुढचे जुलाब आले, की दुखापतीवर दुखापत होते.

जुलाबात हे उंचवटे आखूड होतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य त्यांच्या टोकाशी असतं, म्हणून पहिला फटका त्याला बसतो. जुलाब थांबल्यावरही काही मुलांना दोन-चार आठवडे वरचं दूध पचत नाही, पोट फुगतं, आंबट वासाची शी होते आणि बुड लाल होतं, त्याचं कारण हेच असतं. जंतांचा मार्ग वेगळा असतो. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. मोठे गोल जंत मुलाच्या अन्नात वाटेकरी होतात आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या शोषणात अडथळा आणतात. जिआर्डिया नावाचा अतिसूक्ष्म परजीवी स्निग्धांश पचू देत नाही. अशा मुलाची शी फिकट, तेलकट, घाण वासाची आणि भांड्याला चिकटणारी होते.

लोहाच्या बाबतीत एक गोष्ट आयांनी नीट समजून घ्यावी, कारण "औषध दिलं तरी रक्त वाढत नाही" ही तक्रार फार ऐकू येते. शरीरात कुठेही दाह चालू असला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते आतड्याच्या पेशीतून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट बंद करतं. लोह पेशीतच अडकतं. ती पेशी काही दिवसांत गळून पडते आणि लोहही शीवाटे निघून जातं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही व्यवस्था आहे. चार दिवसांच्या तापात ती उपयोगी पडते. पण ज्या मुलाच्या आतड्यात महिनोन्‌महिने मंद दाह धुमसत असतो, त्याच्यावर ती उलटते.

हा मंद दाह सगळ्यात फसवा असतो, कारण त्यात जुलाब दिसतीलच असं नाही. १९६० च्या दशकात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात काम करायला आलेल्या तरुण अमेरिकी स्वयंसेवकांची आतडी तपासली, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही उंचवटे आखूड झालेले आणि शोषण मंदावलेलं आढळलं. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत ते बदल हळूहळू ओसरले. दोष अंगच्या जातकुळीचा नव्हता, भोवतालच्या जंतूंचा होता. आपली मुलं मात्र त्याच भोवतालात रांगतात आणि वाढतात. विष्ठेतले जंतू थोडे थोडे करून रोज पोटात जातात, आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि शरीराची शक्ती वाढीऐवजी या न दिसणाऱ्या लढाईत खर्च होते. २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जीन हम्फ्री यांनी मुलांच्या खुरटण्याचं हे एक मोठं कारण असावं अशी मांडणी केली आणि जगभर या विषयाकडे लक्ष गेलं.

पुढे बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले तेव्हा अनेकांची निराशा झाली. शौचालय, साबण आणि पाण्यात क्लोरीन एवढंच दिलं, तर मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे ती वाढली, पण थोडीच. यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरली असं मला वाटत नाही. इतक्या जंतुमय परिसरात दोन-चार उपायांनी मुलाच्या तोंडात जाणारी घाण पुरेशी कमी झाली नाही, एवढंच त्यातून कळतं. म्हणून घरात स्वच्छता आणि आहार दोन्ही एकदम धरावे लागतात. हात धुतले म्हणून अंड्याची गरज संपत नाही, आणि अंडं दिलं म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही.

रांगत्या बाळाचं अंगण

सहा महिने ते दोन वर्षं हा काळ सगळ्यात नाजूक असतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळालं, तर आतड्याला भक्कम संरक्षण असतं. चिकात आणि दुधात संरक्षक प्रतिपिंडं असतात, शिवाय बाळाला स्वतः न पचणाऱ्या काही शर्करा असतात. त्या बाळासाठी नसतातच. त्यांच्यावर बायफिडोबॅक्टेरिया हे चांगले जिवाणू पोसले जातात. या सहा महिन्यांत पाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर यातलं काहीही देऊ नये. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीमागे आजीची माया असते हे खरं आहे. पण त्या सहाणेवरचे, पाण्यातले आणि बोटावरचे जंतू मायेने कमी होत नाहीत. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला अंग लुळं पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो.

मग उष्टावण होते, बाळ रांगू लागतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. नेमके त्याच सुमाराला दात येतात. त्यामुळे जुलाब झाले की "दातांचे आहेत" म्हणून सोडून दिले जातात. दातांनी असे जुलाब होत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ वस्तू चावतं, वस्तूवरची घाण पोटात जाते, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही याच वयात ओसरत असते. त्या जुलाबांवरही इतर जुलाबांसारखेच उपचार करायला हवेत.

झिम्बाब्वेत संशोधकांनी रांगत्या मुलांच्या मागे बसून निरीक्षण केलं, तेव्हा काही बाळं माती आणि कोंबडीची शीटसुद्धा तोंडात घालताना दिसली. आपल्याकडच्या अंगणात याहून वेगळं चित्र नसतं. म्हणून बाळाला खेळायला एक जागा ठरवून द्या. धुता येईल अशी सतरंजी किंवा ताडपत्री पसरा. तिच्यावर चपला येणार नाहीत आणि कोंबड्या, शेळ्या, कुत्री फिरकणार नाहीत एवढं पाहा. कोंबड्या रात्री घरात न घेता खुराड्यात ठेवा. त्या पाळू नका असं मात्र मी म्हणणार नाही, कारण घरचं अंडं मुलाला हवंच आहे.

बाळाच्या शीबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. "लेकराच्या शीला काय होतंय" म्हणून ती गटारात, उकिरड्यावर किंवा अंगणाच्या कडेला टाकली जाते. लहान मुलाच्या शीत रोगजंतू मोठ्या माणसापेक्षा कमी नसतात. ती संडासातच टाकावी, लंगोट वेगळे धुवावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हात धुण्याच्या दोन वेळा कधीच चुकवू नका: शी काढल्यावर आणि भरवायला बसण्याआधी. बाळाचे स्वतःचे हातही त्यात आले.

पिण्याचं पाणी खळखळून उकळावं, नाहीतर क्लोरीनचं द्रावण घालून अर्धा तास ठेवावं. गावात जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात की नाही, हे पावसाळ्यात ग्रामसभेत विचारलंच पाहिजे. पण नळापाशी शुद्ध असलेलं पाणी घरात येऊन पुन्हा बिघडू शकतं. माठात तांब्यासकट हात बुडाला की सगळी मेहनत वाया जाते. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप वापरा. दुधाची बाटली शक्यतो घरात आणूच नका. तिच्या बुचाच्या आतली साय नीट निघत नाही. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं आणि ती भांडी उकळून घेता येतात. सकाळची खिमटी दुपारपर्यंत झाकून ठेवून भरवण्याची सवयही उन्हाळ्यात घातक ठरते. शिजवल्यापासून दोन तासांत अन्न संपवावं, उरलेलं घरातल्या मोठ्यांनी खावं.

जुलाब झाले तर

वजन खरं हरवतं ते इथे. मुलाला जुलाब झाले की घरात पहिली आज्ञा निघते, "पोटाला विश्रांती द्या." अंगावरचं दूध कमी केलं जातं, घट्ट अन्न बंद होतं, चार दिवस साबुदाण्याच्या पाण्यावर काढले जातात. त्या चार दिवसांत मूल पाव-अर्धा किलोने उतरू शकतं. ते भरून येण्याआधी पुढचे जुलाब झाले, तर मूल पूर्वीच्या रेघेवर परत येतच नाही. आतड्याला उपाशी ठेवून विश्रांती मिळत नाही. नव्या पेशींना पोषण हवं असतं, आणि त्यातलं बरंचसं त्या समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात.

ओआरएसमागचं तत्त्व फार सुंदर आहे. जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असलं, तरी ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घेणारी त्याची वाट शाबूत असते आणि त्या जोडीमागून पाणी आत येतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्या छावणीत चार टक्क्यांच्या खाली आलं. हेच औषध आज आशाताईंकडे फुकट मिळतं आणि तरीही घरोघरी कमी वापरलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश द्या. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून नवं करा. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घाला. दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त झाली की ती उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. सूत्राबाहेरच्या अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, तरी खोक्यावरचा मजकूर वाचूनच घ्या.

ओआरएसबरोबर झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. चमच्यात आईच्या दुधात किंवा पाण्यात ती विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बहुतेक घरांत गोळीही थांबते, आणि तिथेच नुकसान होतं. उरलेले अकरा दिवस आतड्याचं अस्तर सावरण्यासाठी असतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळण्यासाठीही.

अंगावरचं दूध एकदाही बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांवरच्या मुलाला मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, दही-भात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, थोड्या थोड्या वेळाने भरवा. वर चमचाभर तेल किंवा तूप घाला. वरचं दूध पिणाऱ्या मोठ्या मुलाला ते पचत नसेल, तर काही दिवस त्याऐवजी दही द्या. विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली थोडी साखर आधीच पचवलेली असते. पण "याला दूध चालत नाही" असा कायमचा शिक्का मारू नका. आतडं सावरलं की बहुतेक मुलांना दूध पुन्हा पचू लागतं.

जुलाब थांबल्यावरचे दोन आठवडे माझ्या मते सगळ्यात मोलाचे असतात, आणि नेमकं तेव्हाच घरातलं लक्ष उडतं. भूक परत येते आणि शरीर हरवलेलं वजन भरून काढायला तयार असतं. किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. वजन पूर्वीच्या रेघेवर आलं की मगच नेहमीवर या.

जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. आतड्याची हालचाल बंद पाडून ती जिवावर बेतू शकते. अँटिबायोटिकही स्वतःहून नको. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यावर त्यांचा काही उपयोग नसतो, पण आतड्यातले चांगले जिवाणू मात्र मरतात. शीत रक्त असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल, तर त्यांची गरज डॉक्टर ठरवतील.

शोषण वाढवणारं ताट

आपल्या स्वयंपाकघरात याची जाण जुनी आहे, ती फक्त मुलाच्या वाटीपर्यंत पोचायला हवी. धान्य आणि कडधान्यांतलं फायटेट लोह आणि झिंक बांधून ठेवतं. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने ते कमी होतं. म्हणून मोडाची मटकी किंवा मूग मऊ शिजवून आणि कुस्करून, आंबील, इडली, ढोकळा हे मुलांसाठी उत्तम. त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब पिळा किंवा सोबत पेरूची, संत्र्याची मऊ फोड द्या. 'क' जीवनसत्त्वाने पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा याच्या बरोबर उलट काम करतो. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आणि वाटीभर चहा-चपातीने मुलाची भूकही मरते. मुलाला चहा देणं आजच बंद करा, हे मी कोणतीही सवलत न देता सांगते.

मोड आणलेल्या नाचणीचा किंवा गव्हाचा आणखी एक उपयोग आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळलेलं पीठ घट्ट लापशीत चमचाभर घातलं, की मोडांतलं पाचकद्रव्य स्टार्च तोडतं आणि लापशी सैल होते. पाणी न वाढवता घास गिळायला सोपा होतो, आणि तेवढ्याच वाटीत जास्त शक्ती मावते. नुकत्याच आजारातून उठलेल्या, नीट चावू न शकणाऱ्या मुलासाठी हा उपाय हातातला आहे. पीठ घालून लापशी पुन्हा एक उकळी येईपर्यंत गरम करा.

आहार आणि आतड्यातले जिवाणू यांचं नातं आता बरंच उलगडलं आहे. अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटांना असं दिसलं, की कुपोषित मुलांच्या आतड्यातली जिवाणूंची वसाहत वयाच्या मानाने कच्ची राहिलेली असते. मग त्यांनी हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं यांचा आहार तयार केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातल्या प्रयोगात, नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या आहारावर मुलांचं वजन वेगाने वाढलं. हे चारही पदार्थ आपल्या आठवडी बाजारात मिळतात. त्यांचं प्रमाण प्रयोगशाळेत ठरवलेलं होतं, त्यामुळे घरची खीर म्हणजे तेच औषध असं मी म्हणणार नाही. पण बिस्किटावर रोज जाणारे पैसे फुटाण्याच्या पिठावर आणि दाण्याच्या कुटावर खर्च करायला एवढा आधार पुरेसा आहे. दाणे अख्खे देऊ नका, ते घशात अडकतात. बुरशी आलेले, कडवट दाणे फेकून द्या. त्यातलं विष यकृताला बाधतं.

याबरोबर दिवसाला एक अंडं द्या, नाहीतर मासे किंवा चिकन. सुकट, बोंबील चालतात, पण खारवलेले असतील तर आधी पाण्यात भिजवून मीठ काढा. शाकाहारी घरात दूध-दही रोज हवं, आणि आई स्वतः वर्षानुवर्षं शाकाहारी असेल तर तिचं बी-१२ तपासून घ्या, कारण तिच्याकडे कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते कमीच मिळतं. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह अगदी कमी असतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्तही जातं.

पोटाच्या चांगल्या जिवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्या वजन वाढवण्यासाठी आणू नका. त्यांचा उपयोग ठरावीक जातीच्या जिवाणूपुरता आणि ठरावीक आजारापुरता असतो, आणि मुलाची वाढ हा त्यातला नव्हे. भुकेच्या टॉनिकाबद्दलही माझं मत असंच आहे.

सरकारी आरोग्यसेवेतल्या काही गोष्टी मात्र चुकवू नयेत. रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे दिली जाते. तीव्र जुलाबाच्या एका मोठ्या कारणापासून ती वाचवते. जंतनाशक दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी चुरून, त्याहून मोठ्यांना पूर्ण गोळी चावून. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस असतात. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप मिळतं. ताप किंवा जुलाब चालू असताना ते थांबवा आणि बरं वाटल्यावर आठवणीने पुन्हा सुरू करा. ही आठवणच बहुतेक घरांत राहून जाते.

डॉक्टरांकडे कधी

जुलाब चौदा दिवसांपेक्षा जास्त चालले, सलग दोन महिने वजन वाढलं नाही, शी सतत फिकट आणि तेलकट होते आहे, पोट फुगलेलं आणि हातपाय काडीसारखे झाले आहेत, रक्तक्षय औषधाने हटत नाही, तर तपासणी हवी. जंत, जिआर्डिया, पोटाचा क्षय, दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी आणि सिलिअॅक आजार यांचा विचार डॉक्टर करतील. सिलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे उंचवटे झडतात. हा आजार उत्तर भारतात जास्त दिसतो, पण महाराष्ट्रातही आहे. कुणी सुचवलं म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका, नाहीतर रक्ततपासणीत तो सापडत नाही. निदान पक्कं झालं, तर आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेतच.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पाणीही पोटात टिकत नाही किंवा शीत रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वाटेत ओआरएस पाजत राहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, म्हणजे अंगणवाडीताईंच्या पट्टीवर लाल रंग आला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे आणि त्यावर घरगुती उपाय करत बसू नये. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगून पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथे मुलाबरोबर आईचीही राहण्या-जेवणाची सोय असते आणि उपचार मोफत असतात. शेतीची कामं आहेत, घरी दुसरं लेकरू आहे, या अडचणी खऱ्या आहेत. त्या त्यांना मोकळेपणाने सांगा, पण मुलाला घेऊन जाणं लांबवू नका.